पलटणीतून परत आलेली कॅसेट

१

बन्सीधर पलटणीतून सुट्टीवर आला आणि घरात पाऊल न टाकता थेट मारुतीच्या देवळात जाऊन बसला. भावकीतली जाणती माणसं त्यानं बोलावून घेतली, मलाही बोलावलं. बायकापोरांना लांब पिटाळलं आणि भजनी मंडळाच्या टेपमध्ये एक कॅसेट घातली.

आधी ‘टक्’ असा आवाज आला, मग नुसती घरघर. त्या घरघरीतून एका बाईची कुजबुज ऐकू येऊ लागली.

“तुमी पांदीतल्या लिंबाखाली या, म्या येते. हे मला पलटणीत घेऊन जातो म्हणायलेत. मला न्हाई जायचं. तुमच्याबिगर मला करमत न्हाई.”

एवढंच होतं. बन्सीधरनं टेप बंद केला.

“नेहमीच्या पार्सलात ही आली, काका,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. “त्या दुसऱ्यासाठी भरलेली, चुकून माझ्या नावानं निघाली. आजून काय ऐकायचं राह्यलंय?”

मग सगळेच एकदम बोलायला लागले, आणि आमच्या बोरीत सगळे एकदम बोलायला लागले की निकाल लागला असं समजावं. परवा सकाळी बन्सीधरच्या अंगणात बैठक बसवायची, त्याच्या बायकोला, पंचफुलाला, माहेरी लावून द्यायचं, आणि चार वर्षांची पोर घराची म्हणून इथंच ठेवून घ्यायची, असं ठरलं. आईला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

कॅसेट तोवर माझ्या ताब्यात दिली. मी व्यंकटराव, पोलीसखात्यातून रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी गावाला मी अजून फौजदारच. देताना एक अट घातली. घरची अब्रू आहे, बायकांच्या कानावर हे जाता कामा नये. मी मान डोलावली. नसती डोलावली तर पुढचा निम्मा ताप वाचला असता.

खरं सांगायचं तर मला हे सगळं पटत नव्हतं. बन्सीधरचा बाप लिंबाजी माझा लंगोटीयार. तो जिवंत असता तर त्यानं पोराला आधी पाणी पाजलं असतं, मग दोन शब्द सुनावले असते, आणि कॅसेट त्यानंतर ऐकली असती. पण लिंबाजी जाऊन तीन वर्षं झाली होती.

घरी पोचलो तर पंचफुला माझ्या दारात उभी होती. कडेवर पोर, हातात पत्र्याची छोटी पेटी.

“फौजदारमामा,” ती म्हणाली, “माझ्यावर आळ आलाय म्हणं. त्या टेपात काय हाय ते मला कुणी सांगंना. तुमी तरी ऐकवा.”

“नाही ऐकवता येत, पोरी. शब्द दिलाय.”

“म्हंजी आळ माझ्यावर, आन ऐकणार समदे गडीमाणसं?”

तिनं पेटी माझ्या पुढ्यात ठेवली.

“मग हे घ्या. आमचं पाच वर्षांचं बोलणं हाय ह्यात. ह्यांचंबी, माझंबी. हे ऐका आन मग मला सांगा, मी तशी बाई हाय का. माझी पोर घेतली तर मी जगायची न्हाई.”

२

पंचफुलाला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणून बन्सीधरनं घरी एक टेप आणून दिला होता आणि एक स्वतःकडे ठेवला होता. तो जम्मूकडून बोलून पाठवी, ही इथून बोलून पाठवी. इतर लोक आलेल्या कॅसेटवरच आपलं उत्तर भरून परत धाडतात, त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. पंचफुलाला ते सोसेना. तिनं बाजारातल्या कॅसेटवाल्याला गाठून प्रत्येक बोलण्याची दुसरी प्रत काढून घ्यायला सुरुवात केली. शिवाय कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन बारके तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, हेही त्याच्याकडून शिकून घेतलं. नवराबायकोचं बोलणं असं जपून ठेवणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिंबाजीच्या घरी गेलो. आधी टेप मागून घेतला. त्याचं झाकण तुटलेलं होतं. एक कोरी कॅसेट घालून बटणं दाबली, थोडं थांबलो आणि परत वाजवून बघितलं. ‘टक्’, आणि मग तीच घरघर. म्हणजे ती कुजबुज याच टेपवर भरलेली होती, आणि हा टेप कधी उंबऱ्याबाहेर गेलेला नव्हता. घरात बाया चार. पंचफुला, तिची सासू, थोरली जाऊ आणि नणंद.

सासू मनकर्णाबाई ओसरीवर डाळ निवडत होती. तिचं धाकट्या सुनेशी कधीच जमलं नाही. भावाची मुलगी करून आणायची तिची इच्छा होती, ती लिंबाजीनं मोडली.

“मला काय विचारता, भाऊजी?” ती माझ्यावरच उखडली. “मागल्या कडू झाडाखाली बसून घंटाघंटा त्या डब्याशी बोलायची. पोरीच्या आज्यानं सावलीसाठी लावलेलं झाड ते, असल्या गुलुगुलुसाठी न्हाई लावलं!”

“ती गेली तर तुम्हाला आनंदच होईल.”

“व्हईल की,” मनकर्णाबाई म्हणाली, आणि डाळीतला खडा तिनं असा भिरकावला की मी पाय मागे घेतला.

थोरली सून चांगुणाबाई चुलीपुढं होती. ही गावातली नकलाकार. लग्नाच्या मांडवात तिच्याभोवती बायांची गर्दी असते.

“बसा मामा, भाकर खा. आंबटाचं लोणचं देऊ का? यंदा लय झ्याक मुरलंय.”

“पंचफुलाचं पार्सल कोण शिवतं?”

“मीच शिवते, मीच डाकघरात देते. बाजार सोडला तर तिला कुठं घराबाहेर पडायला मिळतंय?” मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि डोळे मिचकावले. “तुमची नक्कल करू?”

तिनं माझी नक्कल केली. ती किती हुबेहूब होती हे मी इथं लिहिणार नाही. पण मग तिनं तोंडाला पदर लावला आणि पंचफुलाच्या आवाजात, हळू, अगदी कानाशी बोलल्यासारखं म्हणाली, “अवो, ऐकलंत का, पोर लय आठवण काढायली.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. काल देवळात ऐकलेली कुजबुज ती हीच.

३

पण चांगुणाबाई असं का करील? धाकटी जाऊ गेली तर शेण, पाणी, जनावरं सगळं हिच्याच अंगावर पडणार. जिच्याकडे कारण होतं तिच्याकडे आवाज नव्हता, आणि जिच्याकडे आवाज होता तिच्याकडे कारण नव्हतं. मी मनातल्या मनात दोघींना एकत्र बांधून पाहिलं, पण सासू आणि थोरली सून एकमेकींशी धड बोलतही नव्हत्या.

राहिली नणंद, कडूबाई. नवऱ्यानं टाकलेली, सहा वर्षांपासून माहेरी. मूलबाळ नाही. ती परसात पंचफुलाच्या पोरीची वेणी घालत बसली होती. पोर तिच्या मांडीवर अशी पसरली होती की जन्म तिथंच झाला असावा.

“काका, खरंच वहिनीला धाडणार का?” तिनं विचारलं.

“भावकी तसं म्हणतेय. तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? मी इथं आडोशाला राहणारी.” ती पोरीच्या केसातून फणी फिरवत राहिली. “हिला गोवर आला तवा हिची माय बी तापानं पडली हुती. म्या हिला लिंबाच्या पाल्यावर निजवली, डोळ्याला डोळा लावला न्हाई. वहिनी वाईट न्हाई हो, काका. पण माणूस चुकतंय.”

घरातल्या चौघींत पंचफुलाबद्दल गोड बोलणारी ही एकटीच. मला बरं वाटलं.

“बन्सीधर बायकोला पलटणीच्या क्वार्टरमध्ये नेणार होता, हे तुम्हाला कधी कळलं?”

“मागल्या बारीला. त्याच्या कॅसेटी समद्याला ऐकवतेत ना, आईला रामराम असतोय, वहिनींना असतोय. त्यातच म्हणला, क्वार्टर मिळालंय, दोघींना न्यायला येतो.”

घरी येऊन मी पेटीतल्या कॅसेटी लावून बसलो. पंचफुला बोलत होती, हसत होती, एकदोनदा रुसली होती, एकदा मुसमुसून रडलीही. मग परत ती कुजबुज लावली. मग परत पंचफुला. जितकं ऐकावं तितका आवाज एकच वाटू लागला, आणि दुपारपर्यंत मलाच तिच्याबद्दल शंका येऊ लागली. तिच्यासाठी धावणारा मी एकटा, आणि मीही घसरत चाललो होतो. बैठक उद्यावर आली होती.

तेव्हा मला नोकरीतली एक गोष्ट आठवली. समोर बसून रडणाऱ्या माणसाचं आपण तोंड बघतो. त्याचा जबाब लिहून काढला की तोंड जातं आणि बोललेलं तेवढं उरतं. मी कॅसेटी आणि टेप पिशवीत घातला आणि परभणीची गाडी धरली.

४

कचेरीच्या आवारात झाडाखाली टाइपवाले बसतात. त्यातला पंडित माझ्या ओळखीचा, जिभेला हाड नसलेला. त्याला एका रिकाम्या खोलीत नेलं, दार लावलं आणि टेप सुरू केला. दोन तीन ओळी ऐकायच्या, थांबवायचं, टाइप करायचं. आधी पंचफुलाच्या जपून ठेवलेल्या कॅसेटी घेतल्या.

“पोर मागल्या कडू झाडाखाली खेळायली. झाडाला मोहोर आलाय, समदं अंगण पांढरं झालंय. तुमी असता तर खाट टाकली असती.”

“ह्या बारीला आंबटं लय लागलेत. तुमाला धाडावं वाटतंय, पर टिकायचे न्हाईत.”

“जाऊबाई म्हणत्यात कडू झाडाची काडी दातासाठी धाडू का. म्या म्हटलं तिकडं झाडं न्हाईत का काय!”

मग शेवटी ती देवळातली कॅसेट. पंडितनं ती टाइप केली, दोन्ही कागद मशीनवरून काढून शेजारी शेजारी ठेवले आणि वरून खाली बोट फिरवलं. त्याला कोण कुणाची, कशाचा आळ, काही ठाऊक नव्हतं.

“काय फौजदारसाब,” तो हसत म्हणाला, “ह्या बाईला एरवी लिंब म्हणायचं वावडं, आन इथंच बरं म्हणता आलं?”

मीही हसलो. मग माझं हसू तोंडातच राहिलं. मी दोन्ही कागद पुन्हा वाचले, त्यानंतर पंडितकडून आणखी दोन कॅसेटी टाइप करून घेतल्या, आणि त्यातही तेच निघालं. त्याला चहा पाजून मी स्टँडकडे जवळजवळ पळतच सुटलो.

५

सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. बाया ओसरीच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन. पंचफुलाचं गाठोडं आधीच दारात आणून ठेवलेलं होतं, आणि तिनं पोरीला उराशी इतकं घट्ट धरलं होतं की पोर कुरकुरत होती.

भावकीतला म्हातारा बोलायला उठला, त्याला मी खाली बसवलं.

“आधी मला घरच्या बायकांना एक विचारायचंय. सोपं आहे.” मी परसाकडे बोट केलं. भिंतीवरून झाडाचा शेंडा दिसत होता. “मनकर्णावहिनी, ते झाड कसलं?”

“डोळे गेले का, भाऊजी? कडू झाड.”

“चांगुणाबाई?”

“कडू झाडच की, मामा.”

“पंचफुला?”

तिनं मान वर केली नाही. “कडू झाड.”

“कडूबाई, तू सांग.”

“लिंब हाय, काका,” कडूबाई म्हणाली. “असलं काय इचारता?”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. फौजदाराचं डोकं फिरलं असं एकानं पुटपुटलेलं मला ऐकू आलं. मी कॅसेट बन्सीधरच्या हातात दिली.

“लाव.”

“काका, बायका हायेत.”

“माझा शब्द मी मोडला म्हण. जिच्यावर आळ आहे ती ऐकणार. लाव!”

टक्, घरघर, आणि ती कुजबुज. तुमी पांदीतल्या लिंबाखाली या. पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आधीच चांगुणाबाईनं तोंडावर हात मारला.

“अगं बया! ही सून न्हाई!”

मनकर्णाबाई तर उठून उभीच राहिली होती. पुरुषांना अजून काही उमगलं नव्हतं, तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं. या घरच्या धन्याचं नाव लिंबाजी. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, बायकोही घेत नाही, आणि नावासारखा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही. म्हणून या घरात लिंबाला कडू झाड म्हणतात आणि लोणच्याच्या लिंबूलाही आंबट म्हणतात. तीन बाया ते पाळतात. पाळायची गरज नाही ती फक्त लेकीला.

“चोरून बोलताना कोण पाळतंय, काका?” बन्सीधर म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

“तुझ्याशी ती पाच वर्षं एकांतातच बोलली ना? हे कागद बघ. रुसली, रडली, तरी एकदासुद्धा जीभ घसरली नाही. घरात लग्न होऊन आल्यापासूनचं वळण आहे ते. कुजबुजीत कुणाचाही आवाज सारखाच लागतो, म्हणून आपण फसलो. ज्या बाईनं हे भरलं तिनं ‘हे’ म्हणायचं बरोबर ध्यानात ठेवलं, कारण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तिलाही ठाऊक. पण पंचफुलाचा सासरा हा तिचा बाप होता. तिथं तिची जीभ मोकळी होती. आणि बन्सी, तुम्ही गडीमाणसांनी देवळात दार लावून ऐकण्याऐवजी या अंगणात एकदा ऐकलं असतं, तर चांगुणानं जिथल्या तिथं सांगितलं असतं. मीही त्या देवळात बसलो होतो आणि मलाही कळलं नाही.”

कडूबाईनं नाकारलं नाही. ती उठलीही नाही, बसल्या जागी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“पार्सल शिवायच्या आधी बदलली,” ती म्हणाली. “त्यो पोरीला न्यायलाय म्हणला. वहिनीला न्यायचं तर नेऊ दे, पर पोरीला? तिला म्या न्हाऊ घातलं, निजवलं. मला दुसरं काय हाय ह्या घरात? म्हटलं वहिनी माहेरी जाईल, पोर इथं राहील.”

काल हिच्याच गोड बोलण्यानं मला बरं वाटलं होतं. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिची कीवही आली. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

पंचफुला तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“पोरीसाठी केलंत, ते मला कळलं, वन्सं,” ती म्हणाली. “मीबी माय हाय. पर माफ न्हाई करायची.”

मग ती नवऱ्याकडे वळली. बन्सीधर हात जोडायला पुढं येत होता, तो तिथंच थबकला.

“वन्संला पोरीचा लोभ सुटला. तुमाला काय झालं हुतं? पाच वर्षं माझं बोलणं ऐकलंत. आन माझा आवाज तुमाला वळखू आला न्हाई?”

तिनं दारातलं गाठोडं उचललं. तिला घालवायला म्हणून बांधलेलं ते गाठोडं आता तीच घेऊन निघाली होती. पोरीचा हात धरला आणि सगळ्या भावकीच्या मधून ती चालत गेली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

६

मी तिच्यामागून स्टँडवर गेलो. भिंतीवर नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या होत्या, त्यांच्याखाली ती गाठोड्यावर बसून होती. पोर आत्यासाठी रडून रडून थकली होती. पंचफुलाचं माहेर गंगाखेडच्या अंगाला, म्हणजे आधी परभणी, मग दुसरी गाडी.

“पोरी, क्वार्टर मिळालंय. तो न्यायला आलाय,” मी म्हणालो.

“मामा, तुमी माझी अब्रू राखलीत, तुमाला मी जन्मभर इसरणार न्हाई. पर हे नका सांगू मला.”

चोर सापडला की फौजदाराचं काम संपतं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. गाडी आली. तिनं पोरीला चढवलं, स्वतः चढली, खिडकीजवळची जागा धरली आणि पोरीला शेजारी बसवलं.

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली तेवढ्यात बन्सीधर धावत आला. पायात बूट नव्हते, सदऱ्याची बटणं उघडी होती. चालत्या गाडीचा दांडा धरून तो वर चढला आणि तिच्या सीटपाशी जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं.

गाडी माझ्यासमोरूनच वळत होती, खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. पंचफुलानं पोरीला उचलून मांडीवर घेतलं.

“बसा,” ती म्हणाली. “पर बोलू नका.”

तो बसला. मी गाडी फाट्यापर्यंत जाईस्तोवर बघत उभा राहिलो आणि मग घरी परतलो.